गेमिंग संगणक, अल्पखर्ची : घटकांची निवड

संगणकीय खेळ खेळता यावेत या प्रधान हेतूने, बाजारात सुटे मिळणारे घटक पारखून घेऊन व ते स्वतः अथवा दुकानदाराकरवी जुळवून, मर्यादित द्रव्यात सिद्ध केलेला वैयक्तिक संगणक. भारतीय बाजारात अशा यंत्रास ‘असेंबल्ड पीसी’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, विद्युत्पुरवठा करणारा एसएमपीएस आणि या सर्वांस सामावून घेणारे कॅबिनेट हे त्याचे सात मुख्य घटक होत. प्रथमच जुळणी करणाऱ्याने मुख्यत्वे साधावयाचे असते ते प्रमाण : एका घटकावर वेचलेला पैसा दुसऱ्याच्या उणिवेमुळे निष्फळ होऊ नये, आणि आज केलेली काटकसर उद्या सुधारता यावी.

पार्श्वभूमी : निरनिराळ्या कारखानदारांचे जिन्नस एकाच यंत्रात नांदू शकतात याचे मूळ आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या, बहुतांशी बाहेरून घेतलेल्या घटकांवर उभारलेल्या आणि रचनेने खुल्या असलेल्या वैयक्तिक संगणकात सापडते. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे प्रमाण घालून दिले, त्यायोगे मदरबोर्डाची लांबीरुंदी, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा व विद्युत्पुरवठ्याची जोडणी निश्चित झाली. ही मोकळीक मात्र तीन ठिकाणी संपते : प्रोसेसरचे सॉकेट, रॅमची पिढी आणि कॅबिनेटातील जागा. एएमडीचे २०१६ चे एएम४ सॉकेट डीडीआर४ रॅम स्वीकारते, तर २०२२ चे एएम५ केवळ डीडीआर५. दोन्ही पिढ्यांच्या पट्ट्यांना २८८ पिना असल्या, तरी त्यांवरील खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही.

निवडीचा क्रम : खेळातील प्रत्येक फ्रेमची आकडेमोड प्रथम प्रोसेसर करतो, तिचे चित्र ग्राफिक्स कार्ड रेखाटते आणि मॉनिटर ते दाखवितो, या तिघांत जो मंद, त्याच्याच गतीने खेळ चालतो. म्हणून अंदाजपत्रकाचा आरंभ मॉनिटरपासून करणे शहाणपणाचे ठरते. १९२० × १०८० रिझोल्यूशनच्या पडद्यावर सुमारे २०.७ लक्ष पिक्सेल असतात, २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लक्ष, म्हणजे दुसऱ्या पडद्यासाठी कार्डास जवळजवळ पावणेदोनपट चित्रण करावे लागते. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदास ६० हून अधिक चित्रे दाखवू शकत नाही, सबब त्याच्यासाठी सेकंदास १५० फ्रेम काढणारे कार्ड घेणे ही उधळपट्टीच होय. अल्पखर्ची जुळणीत १०८० चा पडदाच ग्राह्य धरण्याचा शिरस्ता यामुळे पडला आहे.

ग्राफिक्स कार्ड : एकूण खर्चाचा सर्वांत मोठा, साधारणतः तिसऱ्या हिश्शाहून अधिक, वाटा यास द्यावा लागतो. कार्डाची स्वतःची स्मृती, म्हणजे व्हीरॅम, अपुरी पडली की चित्रांचा साठा मुख्य रॅममध्ये ठेवून तो पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने वारंवार आणावा लागतो आणि खेळ अडखळू लागतो. यास्तव ८ जीबी ही आता किमान मर्यादा मानावी. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६०० (२०२१) ८ जीबी व्हीरॅम आणि १३२ वॅटची मागणी यांमुळे या वर्गाचे नमुनेदार कार्ड ठरले, तर इंटेलच्या आर्क बी५८० ने (२०२४) १२ जीबी देऊ केले. मात्र आर्क कार्डांचे पूर्ण सामर्थ्य मदरबोर्डाच्या बायोसमध्ये ‘रिसाइझेबल बार’ ही सोय चालू असल्याखेरीज प्रकट होत नाही. स्वस्ताईचा धोका आरएक्स ६५०० एक्सटी (२०२२) या कार्डावरून ध्यानी येतो : त्यास ४ जीबी व्हीरॅम व पीसीआय एक्स्प्रेसच्या अवघ्या चार मार्गिका असल्याने, तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डावर त्याची दळणवळणाची क्षमता निम्म्यावर येते. ज्या गरीब खरेदीदाराने जुने यंत्र राखून ते घ्यावे, त्यालाच त्याचा अधिक तोटा होतो.

प्रोसेसर व मदरबोर्ड : सहा कोअर व बारा थ्रेड यांचा प्रोसेसर या वर्गास पुरेसा होतो. एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा आय५-१२४००एफ, दोन्ही २०२२ चे, हे त्याचे परिचित नमुने. इंटेलच्या नावातील ‘एफ’ हे अक्षर अंगभूत ग्राफिक्सचा अभाव दर्शविते. असा प्रोसेसर असता मॉनिटरची केबल कार्डातच जोडावी लागते. कार्डाची ऐपत तूर्त नसेल त्याने अंगभूत ग्राफिक्सचा रायझन ५ ५६००जी घेण्याचा बेत करावा हे सयुक्तिक दिसते. परंतु त्याची एल३ कॅश ५६०० च्या निम्मी आहे व तो पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीपाशीच थांबतो, त्यामुळे पुढे कार्ड जोडले तरी ५६०० ची बरोबरी होत नाही. एएम४ स्वस्त असले तरी ते मार्गाच्या अखेरीस पोचले आहे. एएम५ वर आरंभीचा खर्च अधिक, पण पुढे केवळ प्रोसेसर बदलण्याची मुभा शिल्लक राहते. जुन्या साठ्यातील मदरबोर्डाचे बायोस नव्या प्रोसेसरला ओळखते की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

रॅम व एसएसडी : १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्यास ड्युअल चॅनेलमुळे प्रोसेसरला दुप्पट रुंदीची वाट मिळते. चार खोबण्यांच्या मदरबोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खोबणीत बसवितात. वेष्टनावर छापलेला वेग अनेकदा आपोआप मिळत नाही. त्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी अथवा एक्स्पो चालू करावे लागते. साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. ‘बाल्डर्स गेट ३’ सारखा एकच खेळ १५० जीबी जागा मागत असल्याने १ टीबीची तजवीज योग्य ठरते.

एसएमपीएस व कॅबिनेट : वर सांगितलेल्या कार्ड-प्रोसेसरच्या जोडीस ५०० ते ५५० वॅटचा एसएमपीएस सुखेनैव पुरतो. २००४ पासून प्रचलित असलेले ‘८० प्लस’ प्रमाणपत्र केवळ कार्यक्षमतेची ग्वाही देते. अतिदाब, अतिप्रवाह व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे काय, हे स्वतंत्रपणे पाहावे. कॅबिनेटासोबत जवळजवळ फुकट पदरी पडणारा एसएमपीएस गेमिंगच्या यंत्रास लावू नये, तसेच एका कारखानदाराच्या मॉड्युलर केबली दुसऱ्याच्या एसएमपीएसला जोडू नयेत, कारण पिनांचा क्रम भिन्न असल्यास जोडलेला घटक जळू शकतो. पंख्यांनी खेळविलेली हवा घटकांस खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. विदर्भासारख्या प्रदेशात, जेथे उन्हाळी पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेथे काचेच्या बंद दर्शनी भागापेक्षा जाळीचा दर्शनी भाग श्रेयस्कर होय.

खरेदी : मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, दिल्लीतील नेहरू प्लेस व बंगळूरमधील एस. पी. रोड या सुट्या भागांच्या प्रसिद्ध पेठा. बाजारभावाची चौकशी करताना सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी अंतर्भूत आहे काय याचा खुलासा करून घ्यावा, आणि पावतीवर प्रत्येक घटकाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण हमीच्या मुदतीत दाद मागावयाची तर तोच दस्तऐवज उपयोगी पडतो. इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ग्राफिक्स कार्डांवरील खननाची पद्धत सोडली, तेव्हा राबविलेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात उतरली; असे कार्ड घेताना ते प्रत्यक्ष खेळावर चालवून पंखे, तापमान व चित्रातील दोष तपासावेत.

काटकसरीचा विवेक : रॅम, साठवण व पंखे यांत आज राखलेला हात उद्या सैल करता येतो, कारण जुने न टाकता नवे जोडण्याची सोय बहुतेक मदरबोर्डांवर असते. ग्राफिक्स कार्ड तीनचार वर्षांनी बदलणे क्रमप्राप्तच असून, जुने विकून काही द्रव्य परत मिळते. मदरबोर्डाचे सॉकेट चुकले तर मात्र प्रोसेसर, व कित्येकदा रॅमही, त्याच्यासह बदलावी लागते. आणि हलक्या एसएमपीएसमध्ये वाचविलेले हजार-दोन हजार रुपये, तो बिघडताना इतर घटकांस सोबत नेऊ शकत असल्याने, साऱ्या यंत्राच्या किमतीवर लावलेली पैज ठरतात. म्हणून बजेट तोकडे पडल्यास प्रथम साठवण कमी करावी, मग कार्डाची पायरी उतरावी, आणि सॉकेट व एसएमपीएस यांवरील रकमेला सर्वांत शेवटी हात लावावा.