एकच पेला

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे ख्रिस्ती धर्मातले दोन प्रमुख विधी. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जुने मीपण बुडवायचे. प्रभुभोजनात एका भाकरीतून, एका पेल्यातून घ्यायचे. ख्रिस्ताने स्वतःला दिले, म्हणून घेणारे सारे एक शरीर झाले, अशी श्रद्धा. ही एकी किती अवघड, हे पहिल्याच शतकात दिसून आले. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधीच जेवून तृप्त होत नि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांची कानउघाडणी केली.

आपल्याकडे या भोजनाची गाठ जातीशी पडली. १७०६ मध्ये त्रांकेबारला प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले. पुढे तमिळ मंडळ्यांत वेल्लाळ एकीकडे, परैयर दुसरीकडे बसू लागले. प्रभुभोजनही आधी वेल्लाळांना, मागून परैयरांना. कुठे कुठे तर पेलेही वेगळे. बाप्तिस्म्याला मात्र कुणाची हरकत नव्हती, आणि मला सारी मेख इथेच दिसते. बाप्तिस्म्याचे पाणी ज्याच्या त्याच्या डोक्यावर पडते. पेल्याला दुसऱ्याचे ओठ लागलेले असतात. (माझ्या आज्याची कपबशी गावच्या हॉटेलात बाहेर, वेगळी ठेवलेली असे. मला हे कुणी समजावून सांगायला नको.)

कलकत्त्याचे बिशप हेबर यांचा कल हा भेद सामाजिक रिवाज म्हणून चालवून घेण्याकडे होता. १८२६ मध्ये ते त्रिचनापल्लीला वारले. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढले : चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा. तंजावरला आणि मद्रासच्या वेपेरीत अनेक वेल्लाळ मंडळी सोडून गेले. ख्रिस्त त्यांनी नाकारला नव्हता, नाकारला तो शेजारी. तंजावरचे ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री यांनी १८२९ मध्येच मिशनऱ्यांविरुद्ध लेखणी उचलली होती. जात ही लौकिकातली गोष्ट, तिचा श्रद्धेशी काय संबंध, हा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे देवाला सर्वस्व अर्पण करायचे, जात तेवढी वगळून!

कॅथलिकही मागे नव्हते. तिरुनेलवेलीकडच्या वडक्कनकुळमला चर्चच दुभंगून बांधले : वेल्लाळांना एक दालन, नाडारांना दुसरे, मधे भिंत, वेदी तेवढी सामाईक. १९१० मध्ये भिंत पाडली तेव्हा वेल्लाळ कोर्टात गेले. मद्रास हायकोर्टाने त्यांचा वेगळ्या जागेचा हक्क मानला नाही.

राज्यसंस्था मात्र बाप्तिस्म्याने जात संपली असे धरून चालते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहेत. तमिळनाडूतल्या काही गावांत त्यांची दफनभूमीही वेगळी आहे.