दोन लहरींचे भांडण

मानखुर्द हे हार्बर मार्गावर खाडीच्या अलीकडचे शेवटचे स्टेशन. 1992 साली रेल्वे खाडी ओलांडून वाशीला गेली. दहा वर्षांनी त्याच पलीकडच्या अंगाला, कोपरखैरण्यास, रिलायन्सने आपल्या मोबाइल फोनचे मुख्य ठाणे थाटले. त्यावरून जो वाद माजला, त्याचा इतिहास आम्ही कामगाराच्या बाजूने सांगणार आहोत.

मुंबईत मोबाइल आला 1995 साली. परवाने दोनच, बीपीएल आणि मॅक्सटच यांचे. दर मिनिटाला 16 रुपयांच्या घरात, आणि आलेल्या फोनचेही पैसे! गेटसभेत हे यंत्र आम्हांला दिसे ते मॅनेजरच्या कमरेला. या कंपन्यांची पद्धत जीएसएम. तीत एकाच लहरीवर प्रत्येकाने आपल्या पाळीने बोलायचे. रिलायन्सने आणली ती सीडीएमए. तीत सर्वांनी एकदमच बोलायचे, पण प्रत्येक जोडीची सांकेतिक भाषा वेगळी. भरल्या लोकलमध्ये तमिळ, भोजपुरी, मराठी माणसे एकाच वेळी बोलतात आणि ज्याचे त्याला कळते, तसेच हे.

2001 साली सरकारने घरच्या फोनवाल्या कंपन्यांना मर्यादित फिरत्या फोनची मुभा दिली. जुन्या कंपन्या खवळल्या. आम्ही परवान्याचे पैसे मोजले आणि हे मागील दाराने घुसतात, ही त्यांची तक्रार, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी नोव्हेंबर 2003 मध्ये सरकारने एकत्रित परवाना काढला आणि रिलायन्सने पंधराशे कोटींवर रक्कम भरली.

शेअरबाजारात प्रश्न एकच, पैसा कोणत्या लहरीवर लावावा? एक पक्ष म्हणे, सीडीएमएत तेवढ्याच लहरींत जास्त माणसे बोलतात. दुसरा म्हणे, जगभर जीएसएमचे फोन खपतात, म्हणून तेच स्वस्त होणार. दोघेही आपापल्या परीने खरे होते. आमच्या मते निकाल लावला तो नखाएवढ्या सिमकार्डाने. जीएसएमचे कार्ड काढून कोणत्याही जुन्या फोनात घालता येई. आपल्याकडे सीडीएमएचा नंबर बहुधा फोनातच कोंडलेला. कामगार फोन घेतो तो सेकंडहँड, हे गुंतवणूकदारांच्या हिशेबात नव्हते.

तरी श्रेय द्यावे लागेल. मिनिटाला 40 पैशांच्या त्या जाहिरातीने सर्वांचे दर खाली ओढले, आणि मे 2003 पासून येणारे फोन फुकट झाले. पुढे 2009 साली रिलायन्स आणि टाटा स्वतःच जीएसएमकडे वळले. 2017 अखेर रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा जवळजवळ संपली. आता फोर-जी या दोहोंहून निराळ्या पद्धतीवर चालते.

एमटीएनएलने दोन्ही घोडे बाळगले होते. 'डॉल्फिन' जीएसएमचा, 'गरुडा' सीडीएमएचा. जानेवारी 2020 अखेर तिचे मुंबई-दिल्लीतील चौदा हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. अट पन्नाशीची होती. त्यांत आमच्या वयाचे, ओळखीचे काही आहेत. एकाने जुना 'गरुडा' फोन अजून जपून ठेवला आहे. तो चार्ज होतो, घड्याळही दाखवतो.