किल्लीपलीकडचा रोगी

आपणांस पोटात कळ आली तर आपण उठून दवाखाना गाठतो. कैद्याला आधी किल्ली लागते.

आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना तुरुंग म्हणजे येरवडा. महात्मा गांधी तेथे कैदी असता १२ जानेवारी १९२४ रोजी ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे अपेंडिक्स काढले. मध्येच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. त्या खाटेकडे साऱ्या देशाचे डोळे होते. किल्ली झटकन फिरली.

वीस वर्षांनी, आगाखान राजवाड्यातल्या कैदेत कस्तुरबा अंथरुणास खिळल्या. राजवाडा खरा, पण पहारा तुरुंगाचाच. वैद्य शिव शर्मा यांना रात्री आत राहण्याची मुभा नव्हती, म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत निजत! गांधीजींनी सरकारला लिहिले, तेव्हा परवानगी आली. अखेरीस विमानाने पेनिसिलिनही आले, पण वरचेवर सुया टोचण्यास गांधीजींचे मन घेईना. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बा गेल्या. त्याच पेनिसिलिनसाठी १९५४ साली आमच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली.

ही झाली थोरांची गोष्ट. सामान्य कैद्यासाठी १८९४ चा तुरुंग कायदा होता. आत येताच तपासणी व तिची वहीत नोंद. डॉक्टर मागणाऱ्याचे नाव विनाविलंब जेलरला कळवणे. कामावरच्या कैद्याचे वजन दर पंधरवड्यास टिपणे. ज्या कारखान्यांत मी राबलो, तेथे माझे वजन कोणी केले नाही. अर्थात सरकारला कैद्याची माया नव्हती, त्याची मजुरी हवी होती. तरी कलम ते कलम.

एका संपात आम्ही काही जण अकरा दिवस आत होतो. बरोबरच्या फिटरला मधुमेह. घरून आलेल्या गोळ्या फाटकावरच्या टेबलावर तीन दिवस पडून राहिल्या. कोणी दुष्ट नव्हते. सही करणारे साहेब रजेवर होते.

१९९६ साली राममूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या मुख्य दुखण्यांत आरोग्याची हेळसांड मोजली. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी मंडेलांच्या नावाचे नियम केले: बाहेरच्याला मिळतात तेच उपचार कैद्यालाही मिळावेत. पण इस्पितळात न्यायचे तर पोलीस सोबत हवेत. ते त्या दिवशी बंदोबस्ताला गेले की डॉक्टरांची तारीख हुकते.

म्हणून आमचा कोणी आत गेला की मी वकिलाला जामिनाआधी विचारतो, पहिल्या दिवशीच्या तपासणीत काय लिहिले आहे?