नाव बदललं म्हणजे मालक बदलला का? टीव्ही बातम्यांच्या धंद्याबद्दल एक टिपण

मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एक वाद झाला, त्यातून हे टिपण निघालं. एक सभासद म्हणाले, "स्टार माझा विकलं गेलं आणि त्याचं एबीपी माझा झालं." दुसरे म्हणाले, "आपल्या हुबळीचं विजय कर्नाटक अजून तसंच चाललंय." दोन्ही वाक्यं आपण सगळेच बोलतो, मीही बोलत होतो. दोन्ही चूक आहेत, आणि एकाच कारणाने. आपण नावावरून मालक ओळखतो.

रायापूरचं घर म्हणजे हुबळी आणि धारवाडच्या मधोमध, पी. बी. रोडला लागून. इथल्या मराठी घरात रिमोट दोन भाषांत फिरतो. चिगरी बस बंद आहे का, पाणी कधी येणार, हे कन्नडमध्ये बघायचं. मुंबईचं राजकारण आणि कोल्हापूर-सांगलीचा पूर मराठीत. त्यामुळे दोन्ही बाजूंचे धंदे इथून जवळजवळ सारखेच दिसतात, आणि तुलना करायला ही जागा बरी आहे. (हुबळी मी जुन्या सवयीने लिहितो. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री हुब्बळ्ळी आहे. शहराचं नाव बदललं तेव्हा शहर विकलं गेलं असं कोणाला वाटलं नाही, एवढं लक्षात ठेवा.)

आधी घरचं उदाहरण. ते वर्तमानपत्राचं आहे, पण टीव्हीकडे जाणारी वाट तिथूनच जाते. विजय संकेश्वर मूळचे गदगचे. १९७६ मध्ये एका ट्रकवर त्यांनी वाहतुकीचा धंदा सुरू केला, त्याची व्ही. आर. एल. झाली. हुबळीच्या रस्त्यावर त्यांच्या पिवळ्या गाड्या दिसल्या नाहीत असा दिवस जात नाही. पुढे ते धारवाड उत्तर मतदारसंघातून खासदारही झाले. १९९९ मध्ये त्यांनी विजय कर्नाटक काढलं. वर्तमानपत्राचा निम्मा धंदा छापण्यात असतो आणि निम्मा पहाटे गठ्ठे वेळेवर पोचवण्यात. हे दुसरं काम ज्याला आधीपासून येत होतं तो माणूस संपादकांच्या धंद्यात उतरला, असं मी याकडे बघतो. काही वर्षांतच पेपर कर्नाटकात आघाडीवर गेला.

२००६ मध्ये संकेश्वरांनी तो विकला. घेणारी कंपनी म्हणजे बेनेट कोलमन, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियावाले. नाव तेच राहिलं. संपादक विश्वेश्वर भट तेच राहिले, ते २०१० च्या अखेरीपर्यंत होते. वाचकाच्या दाराशी पडणारा पेपर दिसायला तोच, म्हणून मालक बदलल्याचं अनेकांच्या गावीही नव्हतं. संकेश्वरांनी २०१२ मध्ये विजयवाणी हे नवीन दैनिक काढलं, आणि २०१७ मध्ये दिग्विजय हे बातम्यांचं चॅनेल. ट्रक, मग पेपर, मग चॅनेल. 'विजय' हा शब्द दोन वेगळ्या घराण्यांच्या पेपरांवर एकाच शहरात विकला जातोय, आणि आमच्या सभासदांना दोन्ही एकाच घरचे वाटतात, यात त्यांची चूक तरी काय?

आता बरोबर उलटं उदाहरण, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण याचं यंत्र समजलं की बाकीचं आपोआप समजतं.

१९९८ मध्ये स्टार न्यूज सुरू झालं तेव्हा बातम्या तयार करायचं काम एनडीटीव्हीकडे होतं. नाव स्टारचं, माणसं एनडीटीव्हीची. पाच वर्षांचा हा करार मार्च २००३ मध्ये संपला. त्याच सुमाराला केंद्र सरकारने भारतातून उपग्रहाकडे बातम्या पाठवणाऱ्या चॅनेलसाठी नियम केले. परदेशी भांडवल २६ टक्क्यांच्या वर नको. संचालकांपैकी तीन चतुर्थांश आणि महत्त्वाच्या सगळ्या कार्यकारी आणि संपादकीय जागांवरची माणसं भारतात राहणारी भारतीय हवीत. स्टार तर रूपर्ट मरडॉक यांच्या समूहाचं. मग भारतीय भागीदार शोधणं आलं. कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिका समूहाने ७४ टक्के घेतले, स्टारकडे २६ राहिले. दोघांच्या या संयुक्त कंपनीने जून २००७ मध्ये मराठी चॅनेल काढलं, त्याचं नाव स्टार माझा.

म्हणजे पहिल्या दिवसापासून स्टार माझाचा मोठा मालक आनंदबाजार होता. 'स्टार' हा शब्द कराराने वापरायला घेतलेला होता, दुकानाची पाटी भाड्याने घ्यावी तसा. एप्रिल २०१२ मध्ये हा नावाचा करार संपवायचं जाहीर झालं आणि १ जून २०१२ पासून पडद्याच्या कोपऱ्यात एबीपी माझा आलं. मोठा मालक होता तोच. संपादक राजीव खांडेकर होते तेच. बदललं काय, तर स्टुडिओतली पाटी, गाड्यांवरची रंगरंगोटी, बातमीदाराच्या हातातल्या माइकचा बूम आणि सगळ्यांची ओळखपत्रं. आणि आपल्याला वाटलं चॅनेल विकलं गेलं.

मी आयुष्यभर यंत्रांच्या पाट्या वाचत आलोय. मोटारीवर कंपनीचं नाव एक असतं, आत गुंडाळलेली तार दुसऱ्याची, बेअरिंग तिसऱ्याचं. मोटार बिघडली की नाव कामाचं नसतं, बेअरिंगचा नंबर लागतो. चॅनेलचंही तसंच. परवाना कोणाच्या नावावर, भांडवल कोणाचं, पाटी कोणाची आणि पगार कोण देतो, हे चार वेगळे प्रश्न आहेत.

तिसरं उदाहरण असं की जिथे नावही बदललं नाही आणि वरून भागीदारीही तीच दिसत होती, पण मालकी बदलली. एप्रिल २००८ मध्ये आयबीएन लोकमत सुरू झालं. लोकमत समूह आणि नेटवर्क१८ यांची निम्मी-निम्मी भागीदारी, संपादक निखिल वागळे. नेटवर्क१८ वर कर्ज साचलेलं होतं. जानेवारी २०१२ मध्ये रिलायन्सने एका ट्रस्टमार्फत तिथे पैसे घातले आणि त्याच व्यवहारात ईटीव्हीच्या चॅनेलांचे हिस्सेही नेटवर्क१८ कडे वळले. ऑगस्ट २०१३ मध्ये या समूहात तीनशेहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २९ मे २०१४ ला रिलायन्सने पूर्ण ताबा घेत असल्याचं जाहीर केलं. जुलैमध्ये दिल्लीतून राजदीप सरदेसाई बाहेर पडले आणि मुंबईत वागळे. घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला कोपऱ्यात तेव्हाही आयबीएन लोकमतच दिसत होतं. न्यूज१८ लोकमत हे नाव पुढे आलं.

या तिन्हीत बाहेरून दिसणारं एकच चिन्ह बऱ्यापैकी विश्वासाचं आहे असं मला वाटतं, आणि ते म्हणजे माणसं. कोण राहिलं, कोण गेलं, आणि कधी. पण तेही आंधळेपणाने वापरता येत नाही. विजय कर्नाटकात मालक गेला आणि संपादक चार वर्षं टिकला.

ईटीव्हीचा उल्लेख आला म्हणून थोडं. ईटीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झालं, कन्नडही त्याच वर्षी. दोन्ही रामोजी रावांची, दोन्हींचं बूड हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत. महाराष्ट्रातली तरुण पोरं हैदराबादला राहून मराठी बातम्या तयार करायची, शेजारच्या डेस्कवर कन्नड पोरं आपल्या. पुढे मराठी बातम्यांची चॅनेलं एकामागून एक निघाली, २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत, तेव्हा त्यांना तयार हात लागत होते. त्यातले बरेच हैदराबादहून आले. २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं. ते नाव पुसलं गेलं, पण तिथे शिकलेली माणसं आजही वेगवेगळ्या बूमच्या मागे उभी आहेत. आणि त्या आधी? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून. मालक एकच, सरकार, आणि तरीही स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांच्यासारखे ज्यांच्या चेहऱ्यांनी ते ओळखलं जायचं ते बातम्या वाचणारे बहुतेक कायम नोकरीत नसत. कायम नोकरी असायची ती आमच्या जातीच्या लोकांची, ट्रान्समीटर सांभाळणाऱ्यांची.

हे सगळं मोठ्या चॅनेलांचं झालं. त्यांच्या भागभांडवलाची नोंद कुठे ना कुठे असते, शोधली की सापडते. आपल्या गावातल्या बातम्यांचं तसं नाही, आणि मंडळाने हात घालायला हवा तो इथे.

नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा गावोगाव जे झालं तेच इथेही झालं. केबलवाल्याच्या गच्चीवर डिशा, खाली एका खोलीत मॉड्युलेटर रांगेने लावलेले. तारेत एखादी जागा रिकामी असली की तिथे व्हीसीआर जोडायचा, झालं स्वतःचं चॅनेल. दुपारी सिनेमा, संध्याकाळी गावच्या बातम्या. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा, जाहिरात साड्यांच्या दुकानाची. मालक, तंत्रज्ञ, वसुली करणारा आणि कधीकधी संपादक, सगळं एकच माणूस. १९९५ मध्ये केबलचा कायदा आला, नोंदणी आली, तरी तारेवरचा ताबा त्याचाच होता. तो गेला डिजिटलमुळे. मुंबई-दिल्लीत हे २०१२ मध्ये झालं. हुबळी-धारवाड तिसऱ्या टप्प्यात, त्याची मुदत होती ३१ डिसेंबर २०१५. आता सिग्नल मोठ्या कंपनीच्या केंद्रातून बंद पाकिटात येतो आणि सेट-टॉप बॉक्समध्ये उघडतो. मध्येच स्वतःचा व्हीसीआर जोडायला जागा उरली नाही. चॅनेल चालवायचं तर त्या कंपनीशी करार करा, पैसे भरा. छोट्या माणसाला कोणी बंदी घातली नाही. त्याच्या तारेतली रिकामी जागा तेवढी गेली.

दोन वर्षांपूर्वी मी जुन्या केबल बातम्यांच्या कॅसेट शोधत होतो. एका निवृत्त केबलवाल्यांनी माळ्यावरून खोकं काढून दिलं. चौदा व्हीएचएस, पाठीवर स्केचपेनने 'न्यूज' आणि तारखा. मोठ्या आनंदाने घरी आणल्या, व्हीसीआर उसना आणला, रबराचे पट्टे बदलले. तेरा कॅसेटमध्ये लग्नं निघाली. कॅसेटला पैसे पडायचे, बातमी रात्री शिळी व्हायची, मग तिच्यावरच दुसऱ्या दिवशीचं लग्न. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, हिशेब बरोबरच होता.

चौदाव्या कॅसेटच्या शेवटी, वरातीनंतर, अकरा सेकंद जुनी बातमी शिल्लक आहे. एक मुलगी कागदावरून नगरपालिकेच्या नळांबद्दल कन्नडमध्ये वाचतेय. आधी तिचं नाव, मग ती बातमी कोणाच्या तारेवरून गेली, या क्रमाने मी विचारत सुटलोय. अजून ती कोणी ओळखलेली नाही. टेबलावरचं फुलाफुलांचं कापड मात्र केबलवाल्यांच्या बायकोने लगेच ओळखलं. त्यांच्या घरचंच होतं.