ठोकळ्याची गोष्ट

गुहागरला समुद्रकाठी ज्याचे घर आहे, त्याने मोटार घ्यावी की नाही, हा प्रश्न पैशाचा नसून गंजाचा आहे. खालच्या पाटात काय नि वरच्या पाटात काय, दारातल्या कोणत्याही जुन्या गाडीच्या चाकावरच्या कमानीला बोट लावून पाहा. रंगाखाली फुगवटा लागेलच. आमच्याही गाडीला तो लागला. गंज खरवडला, लांबी भरली आणि पॉलिश पेपर बोटांत धरून तासभर मोठ्या भक्तिभावाने घासत बसलो. रंग चढल्यावर उन्हात पाहतो, तो दारावर चार सऱ्या! चार बोटांच्या चार. मिस्त्रींनी हसू दाबून एवढेच विचारले, "काका, ठोकळा कुठं होता?"

त्या प्रश्नाने मला इतिहासात लोटले.

कागद येण्यापूर्वी आपल्याकडे खरवतीचे पान होते. गाईच्या जिभेसारखे खरखरीत. लाकूड आणि हस्तिदंत त्याने घासून गुळगुळीत करीत. पाश्चात्त्य देशांत बग्ग्या रंगवणारे कारागीर पाणी आणि प्यूमिसचा दगड वापरीत. हा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड म्हणजे धारही तोच आणि ठोकळाही तोच. पुढे मोटारी आल्या, घासकागद आला. पण त्याचे कण जनावरांच्या सरसाने चिकटवलेले. पाणी लागले की सरस सुटे. मग कोरडेच घासणे आले, आणि त्या काळच्या रंगांत शिसे असे. पाण्याबरोबर खाली वाहून जायची ती भुकटी आता कामगाराच्या छातीत जाऊ लागली. सुधारणा म्हणून जे येते, त्याचे बिल असे कधीकधी भलत्याच्या नावे फाडले जाते.

१९२० साली फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्याने मिनेसोटातील थ्रीएम कंपनीला पत्र लिहून घासकागदाच्या कणांचे नमुने मागवले. शाईवाल्याला हे कशाला हवे, अशी कंपनीला शंका आली. ही कंपनी १९०२ साली कुरुंदाच्या खाणीसाठी निघाली होती आणि खाणीत कुरुंद नव्हताच. तेव्हा शंका घेणे तिला अनुभवाने आले असावे! चौकशीअंती कळले की गृहस्थाने पाण्यात न सुटणारा कागद केला आहे. १९२१ पासून तो मोटारींच्या कारखान्यांत गेला. धूळ बसली, पृष्ठभागही अधिक नितळ झाला.

आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, ती लाकडी बांधणीची होती. तिथून पत्र्याच्या गाड्यांपर्यंत येताना सुताराचा ठोकळा डेंटर-पेंटरच्या हाती गेला. घासकामाची चाकेही परदेशातूनच यावीत असे राहिले नाही. आपल्याच कोकणात, उरणजवळ मोऱ्याला, १९४१ साली ग्राइंडवेलचा कारखाना निघाला.

पण कागद कितीही सुधारला, तरी तो ज्यावर गुंडाळायचा त्याची निवड माणसालाच करावी लागते. सपाट दाराला लांब, कडक पट्टी हवी. ती उंचवट्यांवर टेकते, खड्ड्यांवरून नुसती पुढे जाते. म्हणूनच पातळी साधते. आखूड किंवा मऊ ठोकळा खड्ड्यात उतरून तो अधिकच खोल करतो. कमानीला मात्र कडक ठोकळा चालत नाही, तिथे तो चपटे डाग पाडतो. तिथे वाकणारे रबर लागते. ओल्या कामाला लाकूड नको, पाण्याने फुगून त्याचा तळ वाकतो. दिशाही एकच धरायची नाही. तिरके घासून पुन्हा उलटे तिरके घासायचे. लांबीला ८० नंबरचा कागद, मग १८०, ३२०, आणि रंगापूर्वी पाण्यातला ४०० किंवा ६००.

मिस्त्रींच्या डब्यात सागाची हातभर पट्टी होती, आणि कमानीसाठी जुन्या स्लिपरचा कापलेला तळवा. तोंडाला फडके बांधून त्यांनी माझा सारा रंग उतरवला. लांबीवर काळ्या रंगाचा पातळ फवारा मारून पट्टी फिरवली. जिथे काळे उरले तिथे खड्डा. शेवटी बादलीभर पाणी ओतून, डोळे मिटून त्यांनी दारावरून तळहात नेला आणि एका जागी थांबले.

"इथं तुमचं एक बोट अजून उरलंय."