ग्लासगोच्या टोपीवर असईचा हत्ती

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराची एक पलटण होती, हायलँड लाइट इन्फंट्री. तिचा टोपीवरचा बिल्ला पाहिला की आधी डोळ्यांत भरतो तो तारा. 'थिसल' या काटेरी फुलाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या स्कॉटिश राजसन्मानाचा हा तारा. त्याच्या मधोमध एक शिंग आणि त्या शिंगाच्या वेटोळ्यात एच, एल, आय ही अक्षरं. वर मुकुट. आणि अगदी तळाशी, नखाएवढा, एक हत्ती. हत्तीच्या डोक्यावर छोटी पट्टी आहे आणि तिच्यावर एका गावाचं नाव: असई.

असई आपल्या जालना जिल्ह्यात आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधलं एक गाव. ज्या शहरात हत्ती पाहायचा तर सर्कशीला किंवा प्राणिसंग्रहालयात जावं लागे, तिथल्या पोरांनी दीडशे वर्षं मराठवाड्यातल्या गावाचं नाव डोक्यावर का मिरवलं? स्कॉटिश लष्करी गणवेश, बिल्ले आणि बटणं जमवणाऱ्यांच्या जगात शिरलं की अशा प्रश्नांची रांगच लागते. छंद दिसायला निरुपद्रवी आहे. काचेच्या पेटीत मखमल, मखमलीवर धातूचे तुकडे. पण ते तुकडे नीट वाचायला शिकलं, तर बराच इतिहास सांगतात. आणि बराच गाळतातही.

सुरुवात बटणापासून करू. कारण संग्राहकही बहुधा तिथूनच करतात: बटण स्वस्त असतं, छोटं असतं, आणि बोलकं असतं. १७६७ साली ब्रिटिश लष्कराने हुकूम काढला की प्रत्येक पायदळ पलटणीच्या बटणावर तिचा क्रमांक हवा. त्यामुळे '४२' दिसलं की ती ब्लॅक वॉच, '७८' म्हणजे रॉस-शायर बफ्स, '९३' म्हणजे सदरलँड हायलँडर्स. साध्या शिपायाची बटणं १८५५पर्यंत प्यूटरची, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूची असत. मऊ, करडी, पटकन झिजणारी. त्यानंतर ती पितळेची झाली. १८७१ साली शिपायांच्या बटणांवरचे क्रमांकच गेले आणि सगळ्यांना राजचिन्हाचं एकसारखं बटण मिळालं. म्हणजे पितळेचं, क्रमांकाचं, शिपायाचं बटण हातात आलं, तर ते १८५५ ते १८७१ या सोळा वर्षांतलं. कुठलाही कागद न वाचता एवढं कळतं. सॉफ्टवेअरवाल्यांना यात व्हर्जन नंबर दिसेल, आणि ते चुकीचं नाही.

मग बटण उलटं करायचं. पाठीमागे कारखानदाराचं नाव आणि बऱ्याचदा पत्ताही असतो. लंडनची फर्मिन, बर्मिंगहॅमची गाँट. कंपनीने नाव बदललं, भागीदार बदलला, दुकान हलवलं, की पाठीवरचा ठसा बदलतो. त्यावरून काळ आणखी आवळता येतो. बिल्ल्यांवर मुकुट पाहायचा. १९०१ ते १९५२ या राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी गोल, वर उचललेल्या. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या कमानी मध्यभागी दबलेल्या. हायलँड लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथला मुकुट 'स्टार ऑफ इंडिया' या सन्मानाच्या गळसाखळीवर असतो तसा आहे. एवढ्याशा बिल्ल्यात हिंदुस्थान दोनदा आला आहे.

जगभरातल्या इतक्या फौजा सोडून स्कॉटिश सामानालाच एवढी मागणी का, याचं सोपं उत्तर 'किल्ट'. पण किल्टची गोष्ट सोपी नाही. १७४६ साली, कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंड मोडून काढल्यावर, लंडनच्या सरकारने हायलँड पोशाखावर बंदी घातली. टार्टनचा किल्ट घालून गावात फिरणं हा गुन्हा ठरला. अपवाद एकच: राजाच्या फौजेत भरती झालात तर चालेल. ही बंदी १७८२ साली उठली. जवळजवळ पस्तीस वर्षं आपला पारंपरिक पोशाख कायदेशीरपणे घालायचा असेल, तर तो घालायला लावणाऱ्याच्याच वतीने गोळ्या खायच्या, असा हा सौदा होता. आज 'प्राचीन स्कॉटिश परंपरा' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं या फौजी गणवेशातून घडलेलं आहे. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा सोहळा टार्टनमध्ये बसवला. राजाने स्वतः किल्ट घातला. एकेकाळचा गुन्हा आता दरबारी फॅशन झाला होता.

ज्या लोकांचा हा पोशाख, त्यांचं काय झालं? '९३' लिहिलेलं बटण याबद्दल काही सांगत नाही. ही पलटण सदरलँड परगण्यातून उभी राहिली. जमीनदारणीच्या कुळांनी आपापल्या घरातून मुलगा द्यावा, अशी अपेक्षा होती. त्याच परगण्यातल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातून १८१४ आणि १८१९ साली कुळांना हुसकावलं गेलं, कारण माणसांपेक्षा मेंढ्या जास्त उत्पन्न देत होत्या. घरांची छपरं जाळली गेली. मुलगा दिला तरी जमीन राहिली नाही. पुढे याच ९३व्या पलटणीने क्रिमियात नाव कमावलं आणि १८५७ साली लखनौच्या सिकंदर बागेत भयंकर कत्तल केली. ज्यांची घरं साम्राज्यातल्या बड्यांनी उजाड केली, त्यांच्याच गावची पुढची पिढी साम्राज्यासाठी दुसऱ्यांची घरं उजाड करायला गेली. बटण तेच, चकचकीत, '९३'.

संग्रहात काय टिकतं, याचंही एक राजकारण आहे. संग्रहालयांत आणि लिलावांत जुने लाल कोट दिसतात ते मुख्यतः अधिकाऱ्यांचे. अधिकारी आपला गणवेश स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून शिवून घेत. तो त्यांच्या मालकीचा असे; निवृत्तीनंतर घरच्या पेटीत जाई, नातवाला मिळे. शिपायाचा कोट अंगावरच झिजे. फाटला की ठिगळ, ठिगळं संपली की चिंध्या. रंगही वेगळे: अधिकाऱ्याचा भडक लाल कोचिनील नावाच्या किड्यांपासून, शिपायाचा विटकरी लाल मॅडर नावाच्या मुळांपासून, आपल्या मंजिष्ठेच्या भावंडापासून. म्हणून शे-दीडशे लोकांच्या फोटोत फक्त पहिल्या रांगेचे चेहरे दिसावेत, तसं हे होतं. त्या काळची फौज अशीच झगझगीत होती असं वाटायला लागतं. शिपायाची बहुधा बटणंच उरतात. लोकरीला कसर लागते, प्यूटरला लागत नाही.

आता असईकडे येऊ.

२३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला मेजर जनरल आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. शिंद्यांच्या कवायती पलटणींचं नेतृत्व पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे होतं आणि त्यांच्याकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या. वेलस्लीच्या फौजेत दोन स्कॉटिश पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. पण त्याचं बहुतेक पायदळ मद्रासच्या देशी शिपायांचं होतं. केळणा ओलांडून तो दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला. उजवीकडच्या तुकडीने दिशा चुकवली आणि तिच्यामागून ७४वी पलटण थेट असई गावाच्या तोंडाशी गेली, जिथे तोफा दाट लागल्या होत्या. साधारण पाचशे माणसांपैकी चारशेच्या घरात ठार किंवा जखमी झाली. लढाईत उतरलेल्या अधिकाऱ्यांपैकी क्वार्टरमास्टर सोडून एकही धड राहिला नाही. घोडदळाने येऊन उरलेल्यांना वाचवलं. दुसरीकडे, तोफखान्यावरून शत्रू पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे गोलंदाज उठले, आणि त्यांनी त्याच तोफा वळवून पाठीमागून मारा केला. वेलस्ली जिंकला. त्याच्या बाजूची दीड हजारांहून जास्त माणसं त्या एका दुपारी ठार-जखमी झाली.

या लढाईबद्दल कंपनी सरकारने ७४व्या आणि ७८व्या पलटणींना आणि १९व्या घोडदळाला मानाचं खास निशाण दिलं. पुढे राजाच्या परवानगीने हत्ती आणि 'असई' हे नाव त्यांच्या चिन्हांत आलं. माणसांना मात्र थांबावं लागलं. 'आर्मी ऑफ इंडिया' हे पदक १८५१ साली मंजूर झालं, लढाईनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, आणि ते तोवर जिवंत असलेल्यांसाठीच होतं. त्याच्या कडेवर सैनिकाचं नाव कोरलेलं असतं. म्हणूनच असईची पट्टी असलेलं पदक इतकं दुर्मीळ आणि महाग आहे. त्याची किंमत वाढवली आहे ती मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत मेलेल्यांनी.

१८८१ साली ७१वी आणि ७४वी पलटण एकत्र करून हायलँड लाइट इन्फंट्री झाली. ७१वी असईला नव्हतीच. तिला हा हत्ती लग्नानंतर सासरचं आडनाव मिळावं तसा मिळाला. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा ग्लासगोने याच पलटणीच्या तीन नव्या तुकड्या उभ्या केल्या: एक ट्राम कर्मचाऱ्यांची, एक बॉइज ब्रिगेड या मुलांच्या संघटनेतून आलेल्यांची, एक व्यापारी मंडळाने उभारलेली. कंडक्टर, कारकून, दुकानातले नोकर. त्यांच्या डोक्यावर असईचा हत्ती आला. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत यांतल्या दोन तुकड्या टीपव्हालजवळ चढाईला निघाल्या. एकट्या बॉइज ब्रिगेडच्या तुकडीचे पाचशेहून अधिक जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यातल्या कितींना असई कुठे आहे हे माहीत असेल?

पुढे पलटणी आटत गेल्या. १९५९ साली हायलँड लाइट इन्फंट्री दुसऱ्या पलटणीत विलीन झाली. १९६८ साली कॅमेरोनियन्सनी विलीन होण्यापेक्षा विसर्जित होणं पसंत केलं. २००६ साली उरलेल्या स्कॉटिश पायदळ पलटणी एका 'रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड'मध्ये आल्या आणि सगळ्यांचा बिल्ला एकच झाला. प्रत्येक विलीनीकरणानंतर एक बिल्ला बनायचा थांबतो आणि संग्राहकांच्या यादीत चढतो.

मागणी आली की नकलाही येतात. मूळ बिल्ला ठशाखाली दाबून बनतो, म्हणून त्याच्या रेषा धारदार असतात आणि पाठीला पुढच्या चित्राची उलटी छाप असते. ओतून केलेली नक्कल बोथट दिसते, पाठीवर बारीक खड्डे असतात. सगळ्यात अवघड म्हणजे जुन्याच ठशातून नव्याने काढलेले नग. ते 'खरे' आहेत, फक्त कोणाही सैनिकाने घातलेले नाहीत. त्याहून मोठं नुकसान, माझ्या मते, रणभूमीवर मेटल डिटेक्टर घेऊन गुपचूप खणणाऱ्यांचं. बटण जमिनीत कुठे पडलं होतं, त्यावरून पलटण कुठे उभी होती, कुठे कोसळली, हे पुरातत्त्ववाल्यांना कळू शकतं. खिशात टाकलं की ते फक्त बटण उरतं.

आणि शेवटी, जे कुठल्याच पेटीत नाहीत त्यांच्याबद्दल. असईच्या त्या गोलंदाजांसाठी पदक निघालं नाही, त्यांची नावं कशाच्या कडेवर कोरली गेली नाहीत. वेलस्लीच्या बाजूने लढलेल्या मद्रासच्या शिपायांचा वारसा मात्र एका अनपेक्षित जागी उरला आहे: भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात आजही हत्ती आहे, आणि तोही असईचाच. एकच हत्ती दोन देशांच्या टोप्यांवर चढला. ज्या गावात तो जन्मला, तिथल्या माणसांच्या वाट्याला मात्र त्याची आठवणही फारशी आली नाही.

हे सगळं वाचून कुणी बिल्ले जमवू नयेत, असं मी म्हणणार नाही. उलट संग्राहकांमुळेच या वस्तू वितळवल्या गेल्या नाहीत. माझं म्हणणं पेटीतल्या चिठ्ठीबद्दल आहे. बहुतेक चिठ्ठ्यांवर पलटण, साल, कारखानदार, स्थिती एवढंच असतं. हत्तीच्या बिल्ल्याखाली आणखी दोन ओळी सहज मावतात: असई, जिल्हा जालना, लढाईत दोन्हीकडून मेलेल्यांत बहुसंख्य याच देशातले. एवढं लिहिल्याने बिल्ल्याची किंमत कमी होत नाही. पाहणाऱ्याला मात्र कळतं की तो नक्की काय पाहतो आहे.