रंधा कोणाचा : सुताराचा की लोहाराचा?

नांगर घडवायचा सुताराने आणि त्याचा फाळ लोहाराने, ही वाटणी खेड्यात वाढलेल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. गावगाड्यात सुतार आणि लोहार दोघेही लागत, कारण कित्येक अवजारे दोघांच्या हातांतून गेल्याशिवाय पुरी होत नसत. खुद्द सुताराचा रंधाही तसाच. त्याचा ठोकळा लाकडाचा, पाते पोलादाचे. (रंधा हा शब्द मराठीत फारसी ‘रंदा’वरून आला.)

गेली काही दशके अमेरिकेत रंध्याचे ‘संच’ विकत मिळू लागले आहेत. संचात पोलादी पाते, ते धरून ठेवण्यासाठी एक आडवी दांडी आणि कृतीचा कागद असतो. लाकूड आपले आपण आणायचे आणि रंधा तयार करायचा. शाळेतही आपण संच वापरतो, कधी विजेच्या प्रयोगांचा, कधी भिंगांचा. त्यामुळे शिक्षकाच्या दृष्टीने एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : संचात तयार काय द्यावे आणि शिकणाऱ्यासाठी करायला काय ठेवावे? रंध्याच्या इतिहासात ही सीमारेषा अनेकदा सरकली आहे. ती कशी सरकली ते पाहू.

रोमन सुताराचा रंधा

प्राचीन इजिप्तमधले सुतार उत्तम लाकूडकाम करीत, पण त्यांच्याकडे रंधा असल्याचा पुरावा नाही. ते वाकसाने तासून वालुकाश्माने घासत. रंध्याचे सर्वांत जुने अवशेष मिळतात ते रोमन काळातले. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात ते सापडले आहेत. इंग्लंडमध्ये सिल्चेस्टर येथेही रोमन रंधा मिळाला आहे. यांतील काहींच्या बुडाला लोखंडी पत्रा आहे. ठोकळ्यात तिरपी खाच, खाचेत पाते, वरून एक आडवी लोखंडी दांडी आणि दांडी व पाते यांच्यामध्ये ठोकलेली लाकडी पाचर, अशी ही रचना. हातोडीने हलके ठोकले की पाचर घट्ट बसे किंवा सैल होई. ही आडवी दांडी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

पाते सुताराला करता येत नसे, कारण त्यासाठी भट्टी हवी. तापवणे, पाण्यात बुडवून कडक करणे आणि मग बेताने पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवणे, हे लोहाराचे शास्त्र. शिवाय पोलाद महाग. म्हणून पुष्कळ जुन्या पात्यांत मुख्य पट्टी साध्या लोखंडाची असे आणि धारेपुरता पोलादाचा पातळ तुकडा तापवून, ठोकून तिला जोडलेला असे. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकसारखे पोलाद बनवण्याची रीत बसवली. पुढे शेफील्डची पाती दूरदूर जाऊ लागली.

तोंडात दडलेले ज्ञान

मग सुताराकडे उरले काय? नुसता लाकडाचा ठोकळा? तसे समजणे चुकीचे ठरेल. रंध्याची खरी करामत ठोकळ्यातच असते.

पटाशीने लाकूड सोलताना काय होते ते पाहा. धार तंतूंखाली शिरते आणि पाचरीसारखी त्यांना उचलते. लाकडाच्या रेषा खाली उतरत असतील, तर धारेच्या पुढे फट धावते आणि मोठा कपचा निघतो. रंध्यात पात्याच्या ऐन पुढे ठोकळ्याचे बूड लाकडाला दाबून धरते. तोंडाची फट जितकी अरुंद, तितकी ही दाबणारी कड धारेला जवळ. त्यामुळे तंतू लांबवर उचकटण्याआधीच कापले जातात आणि पातळ, अखंड छिलका निघतो.

पात्याचा कोनही ठोकळ्यातच ठरतो. पाते बहुधा ४५ अंशांवर टेकते. तो उतार जरा जरी उंचसखल राहिला तरी पाते थरथरते आणि लाकडावर लाटा उठतात. कोन, सपाटी आणि तोंडाची रुंदी या तिन्ही गोष्टी सुताराला स्वतः साधाव्या लागत.

अठराव्या शतकात यात एका युक्तीची भर पडली. पात्यावर दुसरे, बोथट कडेचे पाते बसवायचे. १७६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल करुथर्सने अशा दुहेरी पात्याच्या रंध्यांची जाहिरात दिली होती. वरच्या पात्याचे काम नेमके काय, याबद्दल कारागिरांत मतभेद राहिले. जपानच्या यामागाता विद्यापीठातील कावाई आणि काटो या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस रंधा मारताना धारेपाशी काय घडते याचे सूक्ष्म चित्रण केले. वरच्या पात्याची कड धारेपासून ०.१ ते ०.३ मिलिमीटर इतकी जवळ असली, की छिलका एकदम वर वळतो आणि पुढे फट धावत नाही, हे त्यात डोळ्यांना दिसले. हातांना दोन शतके ठाऊक असलेली गोष्ट अशी पडद्यावर आली.

सीझर चेलरचे नाव

हळूहळू केवळ रंधेच करणारे कारागीर तयार झाले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम गावी फ्रान्सिस निकल्सन हा असाच एक कारागीर. त्याच्याकडे सीझर चेलर नावाचा एक काळा गुलाम होता. तो निकल्सनच्या हाताखाली रंधे करायला शिकला. १७५३ मध्ये निकल्सन वारला. मृत्युपत्राने चेलरला स्वातंत्र्य मिळाले आणि त्यासोबत दहा एकर जमीन, कामाचा बाक व हत्यारेही मिळाली. पुढे १७८४ मध्ये मरण येईपर्यंत तो स्वतःच्या नावाने रंधे करीत राहिला.

त्याचे कित्येक रंधे आज संग्रहांत जपलेले आहेत. त्यांवर त्याच्या नावाचा आणि गावाचा ठसा उमटवलेला दिसतो. त्या काळी अमेरिकेत पाती बहुतेक इंग्लंडहून येत. म्हणजे धार दुसऱ्याची आणि ठोकळा चेलरचा. तरी रंधा ओळखला जातो तो चेलरच्या नावाने. ज्या माणसाला काल-परवापर्यंत स्वतःवरही हक्क नव्हता, त्याने आपल्या कामावर आपले नाव उमटवले. ठोकळा घडवण्याच्या कसबाची किंमत यापेक्षा वेगळी काय सांगावी?

सारे काही कारखान्यात

एकोणिसाव्या शतकात ठोकळाही सुताराच्या हातून गेला. १८२७ मध्ये हॅझर्ड नोल्सने अमेरिकेत ओतीव लोखंडी रंध्याचे पेटंट घेतले. पुढे लेनर्ड बेलीने पाते स्क्रूने खालीवर करण्याच्या चांगल्या युक्त्या शोधल्या. १८६९ मध्ये कनेक्टिकटमधल्या स्टॅन्ले कंपनीने त्याची पेटंटे विकत घेतली. मधल्या पायरीचे रंधेही या कंपनीने कित्येक वर्षे विकले. त्यांचे बूड लाकडाचे आणि वरचा सांगाडा लोखंडी असे.

लोखंडी रंध्याचे फायदे खरे होते. बूड लवकर झिजत नाही, दमट हवेत फुगत नाही आणि स्क्रू फिरवून नवशिक्यालाही पाते लावता येते. मात्र रंधा बिघडला तर दुकान गाठायचे, ही सवयही त्याबरोबर आली. तोंड अरुंद का असते, हे रंधा वापरणाऱ्याने जाणण्याची गरज उरली नाही.

पुन्हा लाकडाकडे

जेम्स क्रेनॉव्ह (१९२०–२००९) हा सैबेरियात जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला आणि स्वीडनमध्ये सुतारकाम शिकलेला कारागीर. १९७६ पासून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांतून त्याने स्वतः केलेल्या लाकडी रंध्यांचा पुरस्कार केला. १९८१ पासून कॅलिफोर्नियातील फोर्ट ब्रॅग येथे तो शिकवू लागला. त्याच्या विद्यार्थ्यांना ठोकळे करता येत, पण जाड, चांगली पाती मिळेनात. तिथलाच रॉन होक हा सुऱ्या बनवणारा कारागीर ती करू लागला. सुतार आणि लोहार पुन्हा शेजारी आले ते असे. पात्यांच्या या व्यवसायातूनच पुढे रंध्याचे संच आले.

क्रेनॉव्हची रीत शाळेतल्या मोठ्या मुलांनाही समजेल अशी आहे. अखंड ठोकळा कोरत बसायचे नाही. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या करवतीने वेगळ्या करायच्या. मधल्या भागाचे दोन तुकडे करायचे, मागच्याला ४५ अंशांचा उतार आणि पुढच्याला छिलका बाहेर पडायला जागा. मग फळ्या सरसाने पुन्हा चिकटवायच्या. पाते रोखायला मध्ये आडवी दांडी आणि पाचर, म्हणजे थेट रोमन सुताराची युक्ती. शेवटी बूड थोडे थोडे घासत तोंड उघडायचे, तेही केसभरच. जास्त घासले तर तोंड रुंद होते आणि ते पुन्हा मिटत नाही.

संचात काय असावे?

अशा संचांचेही दोन प्रकार आहेत. एकात फक्त पाते, दांडी असे लोखंडी सामान असते. दुसऱ्यात लाकूडही नेमक्या कोनात कापून दिलेले असते, फक्त चिकटवायचे. दोन्हींतून रंधा तयार होतो. पण दुसऱ्या संचात ४५ अंशांचा निर्णय आधीच कोणीतरी घेऊन टाकलेला असतो. पहिल्यात मुलाला गुण्या लावावा लागतो, उतार सपाट आहे का ते तपासावे लागते आणि चुकले तर का चुकले याचा शोध घ्यावा लागतो.

शाळेत येणारा कुठलाही संच या कसोटीवर घासून पाहता येईल. जे मुलांना खरोखर करता येण्यासारखे नाही, ते संचाने जरूर द्यावे, जसे पोलादी पाते, भिंग किंवा चुंबक. पण ज्या जागी त्या वस्तूचे ज्ञान दडलेले आहे, ती जागा मुलांच्या हातासाठी रिकामी ठेवावी. तिथे दोन ठोकळे वाया जातील, तिसऱ्याचे तोंड वाकडे होईल. चौथ्यातून पातळ छिलका निघेल तेव्हा तोंड अरुंद का ठेवायचे, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.